आधी आजीची साडी, शेवटी मोतीचा रुमाल

एका ताईंचा प्रश्न आला आहे. नागपूरच्या महाल भागात राहतात. घरात नऊ माणसं आणि मोती नावाचा कुत्रा: सासू-सासरे, दोन भाऊ, दोघी जावा, १६ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि जावेचं ११ महिन्यांचं बाळ. संक्रांतीला घरी हळदीकुंकू आणि बाळाचं पहिलं बोरनहाण, पुढच्या रविवारी काटोलकडे नातेवाइकांच्या शेतावर हुरडा. सासूबाईंचं म्हणणं, कपडे अंगभर हवेत. मुलीचं म्हणणं, काकूबाई दिसायचं नाही. धाकट्याचा हट्ट, मोतीलाही आपल्यासारखाच ड्रेस. ताई विचारतात, सगळ्यांचं एकमेकांना शोभेल असं कसं जमवू, आणि तेही सगळं नवं न घेता?

ताई, नागपुरात शिवणकाम करते त्याला २६ वर्षं झाली. एकेका घराचे आठ-आठ, दहा-दहा कपडे एकत्र शिवून दिले आहेत. त्यावरून सांगते, जुळवाजुळव नेहमी त्याच्यापासून सुरू करा ज्याला बदलता येत नाही. तुमची मुलगी चार रंग बदलेल, तुमचे यजमान हातात दिला तो कुर्ता घालतील. पण ७४ वर्षांच्या सासूबाई मनात आहे तीच साडी नेसतील. बाळाच्या अंगाला जे टोचेल ते टोचेलच. आणि मोतीला "थोडा वेळ सहन कर रे" म्हणून समजावता येत नाही. ही तिघं ठरली की उरलेली सात माणसं भराभर जागेवर बसतात.

बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. मोबाईलवर कुठला तरी फोटो येतो, सगळ्यांना एकाच छापाचे कपडे, कुत्र्यालाही तोच. तो छाप आजीला नको असतो, सासऱ्यांना शोभत नाही, बाळाला गरम होतो, आणि संक्रांतीच्या आदल्या रात्री घरात रुसवेफुगवे. म्हणून आज संध्याकाळी सासूबाईंच्या कपाटापाशी बसा आणि विचारा, "आई, संक्रांतीला कोणती नेसणार?" त्या जी काढतील ती उजेडात नेऊन नीट बघा. साडीचं अंग बहुतेक काळंच असेल, एरवी सणाला न चालणारा रंग या एका सणाला मानाने नेसतात. तुम्ही काठ बघायचा. मोरपंखी आहे, लाल आहे, की जरीचा. तो काठ म्हणजे तुमच्या घराचा त्या दिवशीचा रंग. सगळ्यांनीच काळं घालायचं असं नाही, सगळ्यांच्या अंगावर तो काठ कुठे तरी दिसला पाहिजे, एवढंच.

आता हे कमी खर्चात कसं जमतं ते सांगते. घरात त्याच रंगाच्या काठाची एखादी विरलेली साडी असतेच. अंग फाटलेलं असतं, काठ शाबूत असतात. साडी साडेपाच मीटरची, काठ दोन, म्हणजे ११ मीटर काठ. पायाकडचा काठ घासून गेलेला असतो, तिथला खराब भाग टाकून द्या, तरी सात-आठ मीटर हाताशी राहतो. लागतो किती ते बघा. मुलीच्या सरळ कुर्त्याच्या घेराला १.२० मीटर, तिच्या दोन्ही बाह्यांना ६० सेंटीमीटर. तुमच्या आणि जावेच्या ब्लाउजच्या बाह्यांना प्रत्येकी ६५. धाकट्याच्या कुर्त्याच्या बटणपट्टीला ३०. सासऱ्यांच्या आणि दोघा भावांच्या बंडीला फक्त खिशाच्या तोंडाशी, प्रत्येकी १५. मोतीच्या रुमालाला ५०. बाळाच्या झबल्याच्या घेराचा थोडा सोडला तर साडेचार मीटरच्या आत घर सजतं. साडी कापायला सासूबाईंचा जीव होत नसेल तर मुळीच कापू नका. इतवारीच्या बाजारात मीटरवर काठ मिळतो. साडी सोबत घेऊन जा आणि दुकानाबाहेर दिवसाउजेडी रंग लावून बघा, ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि हिरवा एकच दिसतात.

काठ लावण्याआधी दोन कामं करा, नाहीतर मेहनत वाया जाते. सुती काठ एकदा भिजवून वाळवून घ्या, तो आटतो. नव्या कापडावर न आटलेला काठ लावला की पहिल्या धुण्यात घेर चुण्या पडून वर उचलला जातो. रेशमी किंवा टसरचा काठ भिजवू नका, ते कपडे ड्रायक्लीनच करायचे. दुसरं, काळ्या कापडाचा रंग तपासा. पांढरा ओला फडका त्याच्यावर दाबून घासा. फडका काळा झाला तर ते कापड फिक्या कापडाला जोडू नका आणि बाळाला तर घालूच नका.

काळ्याबद्दल अजून एक. नऊच्या नऊ जण काळ्यात उभे राहिले की संध्याकाळच्या फोटोत नुसते चेहरे दिसतात, कपडे अंधारात जातात. म्हणून काळं बायकांना आणि बाळाला ठेवा, पुरुषांना टसरच्या रंगाकडे न्या. आपल्या विदर्भाची करवतकाठी साडी बघितली आहे ना? करवतीसारख्या दात्यांचा काठ आणि मधासारखं टसरचं अंग. तो मधाचा रंग काळ्याशेजारी फार सुंदर दिसतो. सासऱ्यांचा जुना टसरचा किंवा बदामी खादीचा कुर्ता असेल तर तोच काढा, वर काळी बंडी, खिशाला काठ. नवीन काही शिवायला नको.

आता अंगभर कपड्यांचा मुद्दा, कारण तुमच्या घरातली खरी ओढाताण तिथेच दिसते. माझं मत स्पष्ट आहे. कपडा अंगभर होतो तो बेताच्या मापाने, जास्त कापडाने नव्हे. ढगळ कपडा वाकलं की गळ्याशी उघडतो, घट्ट कपडा बसलं की कटापाशी, म्हणजे बाजूच्या चिरेपाशी, ओढतो. दोन्हीत अवघडल्यासारखं होतं, आणि मुली जे "काकूबाई" म्हणतात ते त्या ढगळपणाला म्हणतात. एक मुलगी माझ्याकडे आईसोबत आली होती. बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून आरशासमोर उभी राहिली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, मला हे नाही जमून राहिलं." मी गळा तसाच ठेवला. मुंढा, म्हणजे काखेतला बाहीचा जोड, अर्धा इंच वर घेतला, बाही पाऊण केली, कंबरेत दोन टिपा मारल्या. तीच मुलगी मग तो कुर्ता काढायला तयार होईना.

तर मुलीला कपडा घालून चार गोष्टी करायला लावा. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि बघायचं, कट कुठपर्यंत चढतो. हळदीकुंकवाला वाकतो तसं वाकायचं, गळा पुढे लोंबतो का बघायचं. पतंग उडवताना जातो तसा हात वर न्यायचा, कुर्ता किती उचलला जातो ते बघायचं. आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं, कापडातून उजेड आरपार दिसतो का. दिसला तर मलमलचं अस्तर घाला, पॉलिस्टरचं नको, ते अंगाला चिकटतं आणि थंडीत चटचट वाजतं. कट फार वर असेल तर आतून त्रिकोणी कळी जोडता येते, बाहेरून कळतही नाही. गळा लोंबत असेल तर खांद्यात पाव इंच दाबून घ्या. या चार परीक्षा पास झाल्या की सासूबाईंना बोलायला काही राहत नाही, आणि रंग, बाहीची लांबी, घेर हे मुलीला तिच्या मनाने ठरवू द्या. अंगभर आणि हौसेचं, दोन्ही एका कपड्यात बसतं.

आपल्या थंडीचं गणित मुंबई-पुण्याकडच्यांना सांगूनही पटत नाही. जानेवारीत दुपारी २८ अंश, आणि पहाटे १०-१२. लाट आली की ८ च्याही खाली. २०१८ च्या २९ डिसेंबरला तर नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता. हळदीकुंकू दुपारी चारला सुरू होतं तेव्हा घाम येतो, आठला शेवटची सवाष्ण निघते तेव्हा हात गार पडलेले असतात. म्हणून जाड कापडाचा एक कपडा शिवू नका. पातळ सुती कपडा आणि वर काढता-घालता येणारं काही. सासूबाईंना शाल, पुरुषांना बंडी, मुलीला समोरून उघडं लांब जॅकेट. आतून घालायचं असेल तर पातळ गरम बनियन, पण तिचा गळा कपड्याच्या गळ्याच्या आत राहील असा बघूनच घ्या. स्वेटर मात्र आदल्या दिवशी बाहेर काढून उन्हात टाका. पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन कुणी बाळाला जवळ घेऊ नये.

दुचाकीवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट हात जोडून सांगते. संक्रांतीच्या आठवड्यात उघडा गळा ठेवून गाडी चालवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी आपल्या शहरात गळे कापल्याच्या बातम्या येतातच. गळ्याभोवती जाड मफलर नीट गुंडाळा आणि गाडी सावकाश चालवा. मफलर म्हणजे चिलखत नव्हे, पण उघड्या कातडीपेक्षा बरा. ओढणी असेल तर दोन्ही टोकं आत खोचा, चाकाकडे लोंबू देऊ नका. लहान मुलाला पुढे उभं करून नेऊ नका.

बाळाचं बोरनहाण. काळं झबलं मऊ मलमलचं शिवा, शिवण बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि वरून उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लावा, म्हणजे आत अंगाला फक्त सपाट कापड लागेल. जरीचा काठ गळ्याला किंवा काखेत नको. खालच्या घेराला बाहेरून, तोही अस्तर देऊन. बांधायला बंद पाठीमागे. हलव्याचे दागिने तारेत ओवलेले आणू नका, जाड दोऱ्यात ओवलेले आणा. ११ महिन्यांचं बाळ हाताला येईल ते तोंडातच घालणार. मुकुट, हार घालून दहा मिनिटांत फोटो काढा आणि उतरवा. साखर घामाने चिकट होते, मग बाळ किरकिरतं, आणि लोकांना वाटतं गर्दीला घाबरलं.

आता मोती. तुम्ही लिहिलंय की तो गावठी आहे, आखूड केसांचा, बदामी रंगाचा, मध्यम अंगाचा. मग त्याला ड्रेस नको, रुमाल पुरे.

का ते सांगते. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम असतं, ३८.३ ते ३९.२ अंश. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून गार होतो. नागपूरच्या जानेवारीत दुपारी चारला, माणसांनी भरलेल्या बैठकीत, अंगभर कपडा चढवलेल्या कुत्र्याला काय होत असेल ते त्याच्या जिभेकडे बघून कळतं. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर याचा फारच त्रास. दाट केसांच्या पॉमेरेनियनला, लॅब्रॅडॉरला देवाने कोट दिलेलाच आहे. आखूड केसांच्या मोतीला गरज लागेल ती रात्री आणि पहाटे, ती शेतावर. घरच्या फोटोसाठी नाही.

रुमाल असा शिवा. मलमल किंवा पॉपलिन दुहेरी घ्या, त्रिकोण कापा, वरची बाजू २५ सेंटीमीटर, खाली लोंबणारं टोक २० सेंटीमीटर. खालच्या दोन्ही तिरप्या कडांना बाहेरून काठ. वरच्या बाजूला नेफा करा, सलवारीला करतो तसाच, आणि त्यातून मोतीचा रोजचा पट्टा ओवा. गाठ बांधायची नाही. गाठीचा रुमाल ओढला गेला की आवळतो, नेफ्याचा आवळत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जरीची उलटी बाजू मानेला लागायला नको, म्हणून कापड दुहेरी. मोती बदामी आहे, त्यामुळे रुमाल काळा चालेल. काळ्या कुत्र्याला मी कायम फिका देते, नाहीतर फोटोत रुमालच दिसत नाही.

बटण, टिकली, मणी, घुंगरू, काही लावायचं नाही. हे मी माझ्या चुकीतून शिकले. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका घराच्या लॅब्रॅडॉरला मी पितळी बटणांची बंडी शिवून दिली होती. फोटो फार देखणा आला. रात्री त्याने एक बटण कुरतडून गिळलं. दोन दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही, जनावरांच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या. बटण पोटातून बाहेर पडलं, कुत्रा वाचला. त्या बाईंनी मला एक शब्द बोलला नाही, पण मला ते दोन दिवस अजून आठवतात. तेव्हापासून प्राण्यांच्या कपड्याला माझ्या मशीनवर बटण लागलेलं नाही. घुंगराचंही तसंच, कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, गळ्यातच वाजणारं घुंगरू म्हणजे त्याला छळ.

रुमाल संक्रांतीच्या आठवडाभर आधी तयार ठेवा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं घाला, काही खायला द्या, काढा. रोज थोडं वाढवा. घातल्यावर तो पुतळ्यासारखा थिजला, सारखे ओठ चाटायला लागला, मान खाजवायला लागला, तर त्याला ते नको आहे. धाकट्याला जवळ बसवून हे दाखवा. सहा वर्षांच्या मुलाला नीट कळतं, आणि मग हट्ट तोच सोडतो. त्याच्या कुर्त्याच्या खिशात त्याच कापडाचा छोटा रुमाल शिवून द्या, म्हणजे त्याचं आणि मोतीचं सारखं झालं.

बोरनहाणाच्या वेळी मोती आतल्या खोलीत. यात तडजोड करू नका. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा पडतो, हल्ली चॉकलेटही टाकतात, आणि सगळी पोरं त्यावर झेपावतात. मोतीही झेपावणार. चॉकलेट आणि मनुका कुत्र्याला विषासारखे आहेत, बोराची आठळी आतड्यात अडकू शकते. फोटो आधी काढा, मग त्याला त्याचं अंथरूण, पाणी देऊन आत ठेवा, जमिनीवरचं झाडून झालं की बाहेर आणा. कुणाच्या घरी मांजर असेल तर मी रुमालही सुचवत नाही. मांजराला मोकळं राहू द्या.

कुत्र्याचे केस काळ्या कपड्यावर किती दिसतात हे तुम्हाला माहीतच आहे. आदल्या दिवशी मोतीला गच्चीवर नेऊन ब्रश करा. निघण्याआधी रबरी हातमोजा किंचित ओला करून कपड्यावरून एकाच दिशेने फिरवा, केस गोळा होऊन येतात.

हुरड्याला मात्र वेगळे कपडे. घरच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव शेतावर नेऊ नका. तिथे रेशीम नको, टसर नको, लोंबणारी ओढणी नको. शेकोटीजवळ अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर किंवा नायलॉनचं जॅकेट घालून बसू नका. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुती जाड कपडा आणि खऱ्या लोकरीची शाल बरी, लोकर सहजासहजी पेट घेत नाही. पण बांधावरून फिरताना लोकर काढून ठेवा, कुसळं आणि गोखरू तिच्यात असे रुततात की निघता निघत नाहीत. त्या दिवशी रंग जुळवायचाच असेल तर आपल्या संत्र्याचा घ्या. सगळ्यांच्या डोक्याला किंवा गळ्याला एक साधा सुती केशरी पंचा, बाकी ज्याला जे सोयीचं. मोतीलाही केशरीच रुमाल, म्हणजे ज्वारीच्या उभ्या पिकात तो लांबून दिसेल. घरी परतल्यावर त्याच्या बोटांच्या मधे बघा, गोखरू नाहीतर मांज्याचा तुकडा अडकलेला असतो.

मुक्काम असेल तर मोतीला रात्रीसाठी पाठ झाकणारं एक पांघरूण शिवता येईल. त्याची तीन मापं लागतात: मानेचा घेर, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. छातीत पाच सेंटीमीटर सैल धरा. पोटाखालचा भाग आखूड ठेवा, तो नर आहे, लांब ठेवला तर ओला होईल.

वेळेचं बघा. मार्गशीर्षातली लग्नं आणि संक्रांत यांच्यामधे शहरातल्या सगळ्या शिंपिणी अडकलेल्या असतात. आजीचं ब्लाउज आणि मुलीचा कुर्ता डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. धाकट्याचं आणि बाळाचं जानेवारी लागल्यावरच मापा, या वयात महिन्यात फरक पडतो, आणि आत दोन इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायला सांगा म्हणजे पुढच्या वर्षी सोडवता येईल. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. जावेचं ब्लाउज संक्रांतीला नाही झालं तर पुढच्या एखाद्या घरच्या हळदीकुंकवाला होईल.

साडी ठरली की सासूबाईंनाच सोबत घेऊन इतवारीत या. काठ त्यांच्या हातानेच निवडू द्या.